मॅडिसन: थंडीपेक्षा १४ ऑगस्टची रात्र सांभाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात राहायला येणाऱ्यांना 'थंडीची सवय होते, पण घर मिळत नाही' असं सांगतात, ते मला अर्धंच पटलं. घरं मिळतात हो, घोळ तारखेचा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठामुळे मॅडिसनच्या मध्यवस्तीतले बरेचसे भाडेकरार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ ला सुरू होतात. मधली रात्र कुणाचीच नाही! पहिल्या वर्षी आम्ही ती भाड्याच्या ट्रकमध्ये बसून काढली, बायकोच्या मांडीवर कुकर आणि माझ्या पायाशी मसाल्याचा डबा. एक मात्र आहे, त्या दोन-तीन दिवसांत फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे यांचे ढीग पडतात. इथले लोक त्याला 'हिप्पी ख्रिसमस' म्हणतात. आमचं जेवणाचं टेबल तिथलंच. गादी तेवढी उचलू नका, सोबत ढेकूण फुकट येतात.

आणि तळ्याकाठच्या घरासाठी जास्त भाडं मोजणार असाल, तर आधी जुलै-ऑगस्टमध्ये एक चक्कर मारा. शेतांतलं खत वाहून इथल्या मेंडोटा तळ्यात येतं, मग उन्हाळ्यात हिरवं शेवाळ माजतं आणि वाऱ्याची दिशा बदलली की वासामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. हिवाळ्यात तेच तळं गोठलं की लोक त्यावर खुर्ची टाकून मासे धरत बसतात, तेव्हा मात्र बघत राहावंसं वाटतं. शहराच्या बहुतेक भागांत गाडी रस्त्यावर लावणाऱ्यांनी १५ नोव्हेंबर ते १५ मार्च रात्री १ ते सकाळी ७ सम-विषम पाळायचं, म्हणजे सम तारखेला सम घरक्रमांकांच्या बाजूला आणि विषम तारखेला विषम बाजूला गाडी लावायची. तारीख मध्यरात्रीनंतरची धरायची, आदल्या संध्याकाळची नाही. मला हे दुसऱ्या दंडानंतर कळलं.