आईच्या कण्याचा बाक: छोटा छेद की उघडं ऑपरेशन?

प्रश्न (सोलापूर): आई ६४ वर्षांची. कमरेत ३८ अंशांचा बाक, चालताना पाय भरून येतात. छोट्या छेदातून भागेल का?

उत्तर: अंशांपेक्षा तोल बघा. उभ्याने मानेपासून खुब्यापर्यंत पूर्ण एक्स-रे काढा. मानेच्या तळातून सोडलेली ओळंब्याची रेषा त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) वरच्या-मागच्या कोपऱ्यापुढे ६ सेंमीहून जास्त गेली, किंवा झोपूनही बाक सुटत नसेल, तर बहुधा उघडंच लागतं. छोट्या छेदात रक्त कमी जातं, पण तोल अर्धवट राहिला तर दुखणं राहतं.

उत्तर: आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करा. ठिसूळ हाडात ऑपरेशनमध्ये बसवलेले स्क्रू ढिले होतात. काकू मिश्री लावत असतील तर आत्ताच बंद करा. निकोटिनमुळे हाड जुळत नाही, मग कण्याला आधार देणारी सळई तुटते.

उत्तर: त्रास फक्त पायांचा असेल तर नुसती नस मोकळी करणंही विचारा. मात्र बाक सर्वात जास्त वळलेल्या जागी ते केलं तर बाक वाढू शकतो.