शाहबा : सम्राटाने जन्मगावाचे नगर केले, त्याचे पुढे काय झाले?

प्रश्न

नमस्कार. दक्षिण सीरियातील जबल अल-अरब या डोंगराळ मुलखात, सुवैदा शहराच्या उत्तरेस, शाहबा नावाचे लहान शहर आहे. याच ठिकाणी जन्मलेला फिलिप, ज्याला इतिहास ‘अरब फिलिप’ म्हणून ओळखतो, इ.स. २४४ मध्ये रोमचा सम्राट झाला आणि त्याने आपल्या गावाला फिलिप्पोपोलिस हे नाव देऊन तेथे नवे नगर वसवायला घेतले. २४९ मध्ये सत्तेवर दावा सांगणाऱ्या डेशियस या सेनापतीविरुद्धच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्याबरोबर नगरही अर्धवट राहिले आणि संपले, असे बहुतेक ठिकाणी थोडक्यात सांगितले जाते. परंतु जे पाच वर्षांत उभे राहिले आणि लगेच संपले, त्याचे नाट्यगृह, स्नानगृह आणि दगडी फरसबंदीचे रस्ते आजही भर वस्तीत कसे टिकून आहेत, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

पहिला प्रतिसाद

नगराची आखणी एका दमात झाली, हे खरे आहे. तटबंदी, वेशी, मधोमध एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन मुख्य रस्ते, नाट्यगृह, भव्य स्नानगृह आणि त्याला पाणी पुरवणारा कमानींवरचा पाट, एवढे सगळे एका डोंगरी गावाला स्वतःच्या बळावर कधीच परवडले नसते. फिलिपने गावाला रोमन वसाहतीचा दर्जा दिला, आणि आपला पिता मरायनस, जो कधीही सम्राट नव्हता, त्याला देवत्व देऊन येथील नाण्यांवर त्याची प्रतिमा कोरवली. मला या नाण्यांचे विशेष वाटते, कारण बापाला देव ठरवल्यावर त्याचे गाव आपोआपच देवस्थान ठरते.

मात्र या वैभवाचा मूळ स्रोत सम्राटाची मर्जी हाच होता. पूर्वेकडील प्रांतांचा कारभार फिलिपचा भाऊ प्रिस्कस पाहत होता आणि त्याच्या करवसुलीला कंटाळून तिकडे जोटापियन नावाच्या बंडखोराचे बंड उभे राहिले. अशा स्थितीत सम्राट पडल्यावर राजाश्रयाने चालणारी बांधकामे थांबणे अपरिहार्य होते.

दुसरा प्रतिसाद

बांधकामे थांबली हे मान्य, पण ‘नगर संपले’ या निष्कर्षाशी मी सहमत नाही. शाहबा येथील संग्रहालय एका रोमन घराच्या अवशेषांवरच उभारलेले आहे आणि तेथील मोझेइक फरश्या, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांनी रचलेली चित्रे, मूळ जागीच पाहायला मिळतात. त्यांतील एका फरशीवर समुद्रदेवता टेथिसचा चेहरा आहे. तिच्या केसांत तारामासा माळलेला आहे आणि भोवती मासे पोहत आहेत. समुद्रापासून इतक्या दूर, ज्वालामुखीच्या काळ्या कातळावर राहणाऱ्या घरमालकाने बसण्या-उठण्याच्या दालनात समुद्र मागवून घेतला होता. या फरश्या अभ्यासक सामान्यतः चौथ्या शतकातील मानतात, म्हणजे फिलिपच्या मृत्यूनंतरही किमान दोन-तीन पिढ्या येथे उत्तम कारागिरांना काम देऊ शकणारी सधन घरे नांदत होती. राजाश्रय गेला, नगर मात्र जगत राहिले. त्याची चाल तेवढी मंदावली.

तिसरा प्रतिसाद

मूळ प्रश्न अवशेष टिकले कसे, हा होता, म्हणून त्याविषयी लिहितो.

पहिले कारण दगडाचे आहे. हा सारा प्रदेश लाव्हाचा आहे. शाहबाला लागूनच लजात नावाचे लाव्हाचे खडबडीत पठार पसरले आहे. येथे इमारती लाकूड दुर्मीळ, त्यामुळे हौरान, म्हणजे दक्षिण सीरियातील या भागातील पाथरवटांनी लाकडावाचून घर बांधण्याची रीत सिद्ध केली. खोलीत ठरावीक अंतरावर कमानी घालायच्या, भिंतींतून थोडे पुढे काढलेल्या दगडांचा आधार घ्यायचा आणि त्यांवर बेसाल्टच्या लांब शिळा आडव्या ठेवून छत पुरे करायचे. दारांच्या फळ्याही दगडाच्याच, आणि त्या दगडी खुंट्यांवर फिरत. जे लाकूड कुजते, जळते किंवा वस्ती उठल्यावर लोक काढून नेतात, ते या घरांत मुळी नव्हतेच.

दुसरे कारण वस्तीतील खंडाचे आहे. पुढच्या शतकांत गाव बरेचसे ओस पडले, त्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची गरज कोणाला भासली नाही. अठराव्या शतकापासून लेबनॉनच्या पर्वतांतून द्रूझ या धर्मपंथाची कुटुंबे या मुलखात येऊ लागली आणि तिकडच्या १८६० च्या संघर्षानंतर तो ओघ वाढला. १८१० मध्ये बुर्कहार्ट हा प्रवासी येथे आला, तेव्हा शाहबा द्रूझ लोकांचे नांदते गाव होते. आलेल्यांना तयार भिंती मिळाल्या. त्यांनी डागडुजी केली, पडलेले घडीव दगड उचलून नव्या भिंतींत बसवले आणि जुन्याच रस्त्यांच्या कडेने गाव पुन्हा भरले. काही अवशेषांची मोडतोड यातच झाली, हेही मान्य केले पाहिजे. पण रस्त्यांची मूळ आखणी वापरामुळेच पुसली गेली नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते : स्नानगृहाचे घुमट तर शिळा आडव्या टाकून होणार नाहीत. ते कसे उभारले?

तिसरा प्रतिसादकर्ता

त्यासाठीही ज्वालामुखीच कामी आला. तेथील छतांच्या चुन्यात लाव्हाचे सच्छिद्र, हलके खडे मिसळलेले आहेत, त्यामुळे छताचे वजन कमी झाले. आसपासच्या शंकूसारख्या टेकड्यांवर असे खडे विपुल सापडतात.