कर्नल अपडेटनंतर सर्व्हरचं १० गीगाबिट नेटवर्क कार्ड गायब, ड्रायव्हर पुन्हा बसवू का?

रात्रपाळी: डेबियन १२, कार्ड इंटेल एक्स५२०, दोन पोर्टचं. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करून रीबूट केलं आणि दोन्ही पोर्ट गेले. एलएसपीसीआयमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची यादी) कार्ड आहे, पण 'आयपी लिंक'मध्ये (नेटवर्क पोर्टांची यादी) फक्त मदरबोर्डवरचा पोर्ट दिसतो. ग्रबमधून (बूट मेनू) जुना कर्नल निवडला की सगळं सुरळीत. आधीच्या अ‍ॅडमिननं ड्रायव्हर इंटेलच्या सोर्सवरून कंपाइल केला होता म्हणे. तोच पुन्हा बसवू, की कार्ड बदलायला सांगू?

बिटबहाद्दर: इंटेलचा लेटेस्ट ड्रायव्हर उतरवा, मेक इन्स्टॉल करा, विषय संपला.

पॅकेटपंत: संपत नाही हो, पुढच्या अपडेटला पुन्हा हेच. हाताने कंपाइल केलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला, त्याच्याच फोल्डरात राहतो. डीकेएमएसमधून बसवला असता तर नव्या कर्नलसाठी आपोआप बांधला गेला असता, तेही त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) असतील तरच. कार्ड जुन्या कर्नलवर चालतंय ना? मग ते धडधाकट आहे.

नव्या कर्नलवर बूट करून 'मॉडइन्फो आयएक्सजीबीई' चालवा (आयएक्सजीबीई म्हणजे या कार्डाचा ड्रायव्हर) आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलचा पाथ बघा. 'अपडेट्स'मध्ये असेल तर बाहेरचा, 'कर्नल/ड्रायव्हर्स/नेट'मध्ये असेल तर कर्नलसोबत आलेला. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) आयएक्सजीबीई शोधून काय येतं तेही टाका.

रात्रपाळी: पाथ कर्नलसोबतचाच आहे. म्हणजे ड्रायव्हर आहे, तरी पोर्ट नाहीत! डीमेसेज म्हणतं, 'अलाउ अनसपोर्टेड एसएफपी' या पॅरामीटरला '१,१' ही किंमत अवैध.

तारजोडणी: सापडला चोर. मॉडप्रोब डॉट डी (ड्रायव्हरच्या सेटिंगचं फोल्डर) मधल्या एखाद्या फाइलीत ही ओळ असणार. इंटेलचा सोर्सवाला ड्रायव्हर पोर्टागणिक वेगळी किंमत घेतो, म्हणून '१,१'. कर्नलमधला एकच आकडा घेतो. त्याला स्वल्पविराम चालत नाही, मॉड्यूल लोडच होत नाही. तिथे नुसता '१' ठेवा.

ओळ अख्खी उडवू नका. एसएफपी मॉड्यूल (पोर्टात खोचायचे ट्रान्सीव्हर) ड्रायव्हरला मान्य नसलेल्या बनावटीचे असतील तर तो ते नाकारेल आणि पोर्ट परत गायब होतील. त्याच ओळीत 'आरएसएस' वगैरे दुसरा पर्याय असेल तर खुशाल काढा, कर्नलवाल्याला तो पर्याय माहीतच नाही. मग अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवा (बूट इमेज नव्यानं बनते), कारण त्या फाइलची प्रत बूट इमेजमध्येही असू शकते. लोक हीच पायरी गाळतात.

पॅकेटपंत: आणि आयपीएमआय कन्सोल (नेटवर्क कार्डावर न विसंबणारा सर्व्हरचा दूरचा पडदा) उघडा ठेवूनच करा. एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुरून लॉगिन) नेटवर्कचं मॉड्यूल उतरवणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

रात्रपाळी: रीबूट केलं, दोन्ही पोर्ट आले. एथटूल स्पीड १०००० मेगाबिट दाखवतंय. आरएसएस खरंच होतं त्या ओळीत. जुना कर्नल काढून टाकू?

तारजोडणी: इतक्यात नको. पुढचं अपडेट धड पार पडू द्या, मग बघा. बिटबहाद्दर, बाहेरचा ड्रायव्हर वाईट नाही, पण या कार्डासाठी कर्नलमधला पुरतो.