‘पेपर पिसिंग’ला मराठीत काय म्हणाल?

फोंड्याहून

शिवणकामाचाच धागा आहे, तेव्हा गुंता झाला तर सांभाळून घ्या.

बारावीची परीक्षा संपवून भाची आमच्याकडे आली आहे. आल्यापासून शिवणयंत्र तिच्याच ताब्यात. तिच्या आवडत्या अद्भुतकथांच्या मालिकेवरून पांघरूण शिवते आहे. मालिकेचं नाव सांगत नाही, नाहीतर सगळे तिकडेच वळतील. पांघरुणावर पुस्तकांचं एक मोठं फडताळ आहे. त्यात आडवी-उभी-कललेली पुस्तकं, मधूनच औषधाची बाटली, एक किल्ली, एक घुबड, आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात वेटोळं घालून बसलेला ड्रॅगन.

ही शिवण्याची रीत मला नवी होती. चित्राचे भाग कागदावर आखलेले असतात आणि प्रत्येक भागाला क्रमांक असतो. कापडाचा तुकडा कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचा, शिलाई मात्र आखलेल्या बाजूने, बरोबर रेघेवर मारायची. मग कापड उलटून इस्त्री करायची आणि पुढचा क्रमांक घ्यायचा. टाका अगदी बारीक, दीड मिलिमीटरचा. एरवी आपण अडीचच्या आसपास ठेवतो. बारीक टाक्याने कागदाला टपाल तिकिटांच्या कडेसारखी भोकं पडतात, त्यामुळे शेवटी तो फाडून काढता येतो. घुबडाची चोच, ड्रॅगनचे दात असे निमुळते कोन यात टोकदार येतात. कापडाच्या भरवशावर ते कधीच जमले नसते.

आता प्रश्न. या रीतीला भाची ‘पेपर पिसिंग’ म्हणते. मी ‘कागदी गोधडी’ म्हणून पाहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, “कागदी घोडे ऐकले होते, आता गोधडी पण?” दुसरा शब्द सुचवा.

डिचोलीहून

सासूबाईंचं बरोबर आहे. ‘कागदी’ म्हटलं की वस्तू कागदाची असं वाटतं, किंवा खोटी. कागदी फुलं, कागदी वाघ. तुमच्या पांघरुणात शेवटी कागदाचा कपटाही उरणार नाही. स्लॅब भरताना खाली सेंटरिंग लावतात आणि सुकल्यावर काढतात. त्या घराला कुणी सेंटरिंगचं घर म्हणत नाही. कागद शब्दात हवाच असेल तर नुसतं ‘कागदशिवण’ म्हणा. ‘ठिगळकाम’ही चालेल.

मडगावहून

‘ठिगळकाम’ला माझा साफ विरोध. वडिलांचं शिवणाचं दुकान होतं, तिथे हे शब्द एकमेकांच्या जागी कुणी वापरले की गिऱ्हाईकाचं काम चुकायचं.

ठिगळ वरून बसतं. खाली भोक असतं किंवा विरलेलं असतं, ते झाकायला. म्हणून तर ‘आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार’ असं म्हणतात. दोन तुकडे कडेला कड लावून शिवले तर ती जोड. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन भाग एकमेकांना शिवायचे, त्याला आमच्या आजीच्या वेळी ‘दंड घालणं’ म्हणत. हल्ली हा शब्द ऐकला की लोकांना पोलीस आठवतात, पण कापडातला दंड तो हाच. तुमची भाची पुस्तकाला पुस्तक लावते आहे ती जोडच. फडताळावर एकही ठिगळ नाही.

पुस्तकाच्या कण्यावरचा सोनेरी पट्टा वेगळा कापून वरून शिवला असेल तर तेवढं ठिगळ म्हणा हवं तर.

काणकोणहून

वरून बसवलेलं ठिगळ आमच्या शेजारीच बघायला मिळतं. घाट चढून कर्नाटकात गेलं की यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्यांचे त्यांत पुष्कळ वंशज. त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची पांघरुणं शिवतात. कडेच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून आत-आत येत जातात, जुन्या कपड्यांचे तुकडे खालच्या कापडावर वरून ठेवत आणि धावदोरा घालत. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेली छोटी कापडं बसवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. मडगावकरांच्या व्याख्येने कवंदी हे नखशिखांत ठिगळकाम, आणि ते हिणवणं मुळीच नव्हे.

आखलेला कागद-बिगद तिथे नसतो. नकाशा हातात असतो.

आणि मुळात ‘गोधडी’ कशाला? आपल्याकडे वाकळ म्हणतात ना?

फोंड्याहून

वाकळ म्हणतो, घरी तर तेच म्हणतो. पण ‘वाकळ’ म्हटलं की डोळ्यांसमोर आजीची जुनी लुगडी येतात, एकावर एक थर, मऊ पडलेली. भाचीचं सगळं कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं कोरं करकरीत. तिला वाकळ म्हणायला जीभ जरा अडखळते. रजई म्हणावं तर रजईत पिंजलेला कापूस भरतात, इथे मध्ये तयार पातळ थर आहे. त्यामुळे मी ‘गोधडी’वर येऊन थांबले, कारण तिन्ही थर शेवटी टाक्यांनीच एकत्र धरले जातात.

कापडावरून आठवलं. बाजारात भाचीने विक्रेतीला ‘कापड दाखवा’ म्हटलं. भाची मुंबईला वाढलेली, बोलते मराठीत. बाईने एकामागून एक साड्या काढल्या. कोंकणीत कापड म्हणजे साडी, आणि मराठीतल्या कापडाला लुगट! मराठीत लुगडं म्हणजे साडी. दोन्ही शब्दांनी जागा बदलून ठेवल्या आहेत. शेवटी मीच म्हटलं, “लुगट जाय, कापड न्हय.” बाई भाचीकडे बघून इतकी हसली की सुट्टे पैसे द्यायचे विसरली.

दंड हा शब्द मात्र मला पटला. वहीत लिहून ठेवला.

पणजीहून

कागद शेवटी नेहमी काढतातच असं नाही, म्हणून सेंटरिंगची उपमा अर्धीच लागू आहे.

इंग्लंडमध्ये कागदाचीच दुसरी, जुनी रीत आहे. षटकोन किंवा तसे आकार कागदाचे कापायचे, प्रत्येकावर कापड गुंडाळून कच्चा टाका घालायचा आणि मग कडा हाताने एकमेकींना शिवायच्या. इंग्लंडमध्ये 1718 सालची रेशमी जोडकामाची चादर जपून ठेवली आहे. सालाची नोंद असलेलं तिकडचं सर्वांत जुनं ज्ञात जोडकाम ते हेच. त्या चादरीत कागद अजून आत आहेत.

त्या रीतीत कागद हा साचा आहे, कापड त्याच्याभोवती वळतं. तुमच्या भाचीच्या रीतीत कागद ही आखणी आहे, टाका त्याच्या रेघेवरून जातो. म्हणून एकच शब्द दोन्हींना लावू नये. पहिलीला ‘साचेजोड’, दुसरीला ‘आखणीजोड’ म्हणा. ‘कागदशिवण’मध्ये हा फरक बुडतो.

पेडण्याहून

शिवणातलं मला काही कळत नाही. ‘अद्भुतकथांची मालिका’ एवढ्यावरच बोलतो.

‘फँटसी’साठी काही जण ‘कल्पनारम्य’ लिहितात, पण कल्पना तर प्रत्येकच कथेत असते. ‘अद्भुतरम्य’ हा शब्द मराठी टीकेत जुना आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची, या कादंबऱ्यांना समीक्षक हेच विशेषण लावत आले. पुढे वास्तववादाची चलती झाली आणि ‘अद्भुतरम्य’ म्हणजे कच्चं, पोरकट असा सूर त्याला चिकटला. शब्दाचा दोष नाही. फडताळावर ड्रॅगन बसवणाऱ्या मुलीने तो खुशाल वापरावा. ‘मालिका’ म्हटलं तर मात्र लोक रात्री आठ वाजता टीव्ही लावतील.

मडगावहून

‘आखणीजोड’ पटलं. दुकानात आखणी म्हणजे खडूची रेघ, आणि ‘रेघेवर मार’ हे रोजचंच वाक्य.

एक विचारतो: भाची शिलाईच्या बाहेर किती माया ठेवते?

फोंड्याहून

पाव इंच. ती ‘सीम अलावन्स’ म्हणत होती. मी ‘माया’ म्हटलं तर आधी तिला खोटंच वाटलं. जादूच्या गोष्टींवरची गोधडी, आणि शिलाईबाहेर सोडलेल्या कापडाला माया म्हणायचं! आता उठता-बसता तोच शब्द. “मामी, इथे माया कमी पडली.” कमी पडली होती हेही खरं. तिसऱ्या कप्प्यातल्या किल्लीचा दांडा दोनदा उसवला.

तिच्याकडून झालेली मोठी चूक वेगळीच. ड्रॅगनची आखणी तिने स्वतः केली, ग्राफपेपरवर, जसा हवा तसा. शिवून कागद उलटला तर ड्रॅगनचं तोंड दुसरीकडे. कापड मागच्या बाजूला बसतं, म्हणून चित्र आरशातल्यासारखं येतं. तयार नमुने आधीच उलटे छापलेले असतात, त्यामुळे तोवर तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आता ड्रॅगन पुस्तकांकडे न बघता भिंतीकडे तोंड करून बसला आहे. उसवायला ती तयार नाही. म्हणते, रुसलाय.

सासूबाईंना ‘आखणीजोड’ सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव काहीही ठेवा, पण पावसाआधी हे कागदाचे कपटे एकदा चुलीत घाला. सगळ्या घरभर झालेत.

काणकोणहून

चारी कोपऱ्यांवर फुला लावायला सांगा तिला.

फोंड्याहून

सांगितलं. तिघांना लावते म्हणते. चौथा ड्रॅगनच्या मागचा आहे, तिथे नको म्हणे.