चाळिशीनंतर व्हायोलिन सुरू करतोय. गज फिरतो पण आवाजच निघत नाही

केळीवाला_रावेर | १४ मे

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात माझी केळी आहे, वय ४३. गावच्या भजनी मंडळात वीस-बावीस वर्षं टाळ धरतोय, अभंगही म्हणतो. आमची पेटी काळी चारला लागते, म्हणजे चौथी काळी पट्टी आमचा सा. मुक्ताईच्या पालखीबरोबर दोनदा पंढरपूरपर्यंत पायी गेलोय. हे सांगायचं कारण एवढंच, की सूर मला अगदी परका नाही. वाद्य मात्र टाळाशिवाय दुसरं कधी हातात घेतलेलं नाही.

आमच्याकडे पुष्कळदा रात्रीचीच लाईट असते, त्यामुळे मोटार चालू करायला मळ्यात जावं लागतं. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे पंपाच्या खोलीत रेडिओ लावला तर आकाशवाणीवर व्हायोलिनवर अभंग चालू होता. गाणारं कोणी नाही, नुसतं वाद्य. तरी मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. थंडीत तसाच उभा राहिलो. त्या दिवसापासून डोक्यातून ते जातच नाही.

केळीच्या बागेचे पैसे आले, तेव्हा ऑनलाइन ५,८०० रुपयांचं फुल साइझ व्हायोलिन मागवलं. आता अडचणी सांगतो.

खोक्यातून काढलं तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, सुटी होती, कागदात गुंडाळलेली. व्हिडिओ बघून उभी केली. गज तारांवर फिरवला तर सूर सोडाच, आवाजच नाही, कागदावर हात फिरवल्यासारखी नुसती सरसर. वाद्यच खराब आलं का?

दुसरं, सूर लावून हात काढला की खुंटी गर्रकन उलटी फिरते. इथे सध्या ४४-४५ डिग्री आहे. सगळ्यात बारीक तार तर लावतानाच तुटली, गालाला लागता लागता वाचली.

तिसरं माझ्या हातांचं. बोटं जाड आहेत, घट्टे पडलेले आहेत आणि कापणीच्या दिवसांत केळीचा चीक नखांतून निघत नाही. अशी बोटं एवढ्याशा पट्टीवर बसतील का?

आणि चौथं जिव्हारी लागलंय. शहरातल्या एका क्लासमध्ये विचारायला गेलो होतो. तिथल्या सरांनी वाद्य बघितलंही नाही. म्हणाले, चाळिशीनंतर व्हायोलिनचा कान तयार होत नाही, तुम्ही पेटी शिका. घरी येऊन खोकं कपाटावर ठेवलं ते आठ दिवस खाली काढलं नाही.

मला मैफल करायची नाही. कार्तिकातल्या काकड्याला एक अभंग वाजवता यावा, एवढंच. या नाही तर पुढच्या कार्तिकात.

---

वाघूरकाठ | १४ मे

भाऊ, वाद्य खराब नाही. नव्या गजाच्या केसांना रोझिन, म्हणजे राळ, लावलेलं नसतं, म्हणून तार पकडली जात नाही. खोक्यात मधाच्या रंगाची वडी असेल, ती राळेची. नव्या वडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो, तो आधी बारीक पॉलिश पेपरने खरवडा, मग गजाचे केस त्यावरून तीस-चाळीस वेळा सावकाश फिरवा. पुढे रोज चार-पाच वेळा पुरतं. लावून बघा आणि लगेच कळवा.

---

जुना_फिटर_भुसावळ | १५ मे

केळीवाले भाऊ, मी रेल्वेत फिटर होतो. व्हायोलिन हातात घेतलं तेव्हा माझं वय ५८ होतं, आज ६७ आहे. त्यामुळे त्या सरांचं वाक्य मनातून काढून टाका. वीस वर्षं भजनात सुरात म्हणणाऱ्याचा कान तयारच असतो. तयार करायचा आहे तो उजवा हात.

आधी वाद्याचं बघू. माझे स्वतःचे पहिले दोन महिने याच अज्ञानात वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. पोटावर इंग्रजी एफसारखी दोन छिद्रं आहेत, त्यांच्या मध्याला आतल्या बाजूने लहान खाचा दिसतील. दोन्ही खाचा जोडणाऱ्या रेषेवर घोडीचे पाय यायला हवेत. बुटकी बाजू बारीक तारेखाली. शेपटीकडची तिची पाठ पोटाशी काटकोनात हवी. खुंट्या पिळत गेलं की घोडीचा माथा हळूहळू मानेकडे झुकतो आणि एक दिवस ती फाडकन पडते. म्हणून सूर लावून झाला की एकदा बाजूने डोळा लावून बघायचं.

चारही तारा एकदम कधीच सोडू नका. आत, घोडीच्या पायाजवळ, पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक काडी नुसती दाबाने उभी असते. साउंड पोस्ट म्हणतात तिला. दाब गेला की ती पडते, आणि जागेवर बसवायला जाणकार माणूस लागतो. तार बदलायची तर एक काढा, एक लावा.

खुंटी फिरते ती हवेमुळे. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं आणि खुंटी भोकात सैल होते. पिळताना ती आत दाबत दाबत पिळायची, नुसती गोल फिरवायची नाही. तरीही सरकली तर बाहेर काढून शाळेतला पांढरा खडू थोडा घासा. पावसाळ्यात उलटं होईल, लाकूड फुगून खुंटी अडकेल. तेव्हा पेन्सिलीचं शिसं घासायचं. बारीक तार तुटली ती बहुतेक एक सप्तक वर ओढली गेली म्हणून. ॲपवर नुसतं 'ई' दिसून भागत नाही, कुठल्या सप्तकातला तेही बघावं लागतं.

आणि हात जोडून सांगतो, वाद्य पंपाच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. त्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि उन्हात सरस मऊ पडतो. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करून ठेवा.

आता बोटांचं. मला सगळं मोजून बघायची सवय, म्हणून वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी घेऊन बसलो होतो. मानेच्या टोकाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत माझी मोकळी तार ३२५ मिलिमीटर भरली. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे लांबीच्या नवव्या भागावर, म्हणजे ३६ मिलिमीटरवर येतो. ग पाचव्या भागावर, ६५. म बरोबर चौथ्या भागावर, ८१. प तिसऱ्या भागावर, १०८. आणि तारसप्तकाचा सा अगदी मधोमध. हे भाग कागदावर मांडले तेव्हा अर्धा तास मी तसाच बसून होतो. आयुष्यभर मिलिमीटर मोजले, पण त्यात सूर असतो हे माहीत नव्हतं. तुमची तार मोजून तेवढे भाग करा आणि कागदी चिकटपट्टीच्या बारीक चिंध्या लावा. रे आणि ग मध्ये २९ मिलिमीटर अंतर आहे, जाड बोट आरामात बसतं. बोटाच्या मांसल भागाने नको, टोकाने दाबा. नखं मात्र पार काढा.

चिकाचं मी काय सांगणार, तुम्हीच जाणता. पण चीक काढायला हाताला तेल चोळलंत तर नंतर साबणाने दोनदा धुवा. तेलाचा हात गजाच्या केसांना लागला की तिथे रोझिन धरत नाही. माझा एक गज असाच गेला.

पहिले सहा आठवडे मी डाव्या हाताचं एकही बोट ठेवलं नाही. फक्त मधल्या दोन तारा, डी आणि ए. डी-ला सा म्हटलं की ए हा त्याचा प आहे, म्हणजे तंबोरा तुमच्या हातातच आहे. गज टोकापासून टोकापर्यंत, मनात आठ आकडे मोजत, घोडीला समांतर. तो तिरका जातो हे वाजवताना स्वतःला दिसत नाही. मी समोर आरसा ठेवायचो. अंगठा वाकलेला हवा, खांदा खाली. रोज वीस मिनिटं. घरच्यांनी फार सोसलं त्या दिवसांत, पण एका संध्याकाळी ए-ची तार अशी लागली की बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

---

पांझरेची_लेक | १६ मे

केळीवाले भाऊ, धुळ्याहून लिहितेय. मी गाणं शिकवते आणि व्हायोलिनच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमेपर्यंत दिल्यात. फिटरकाकांचं वाद्याच्या देखभालीचं सगळं पटलं. एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे: पट्ट्या चिकटवू नका. डोळ्याला सवय लागली की कान आळशी होतो. तुम्ही भजन म्हणता ना? मंग अर्धं काम व्हयी गयं. आधी सूर गळ्यातून काढा, मग तोच बोटाने शोधा. डी-च्या तारेवर प बरोबर लागला, की शेजारची मोकळी ए आपोआप थरथरते आणि आवाज एकदम मोठा, गोल होतो. हे लक्षण फसवत नाही.

बसायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. पाश्चात्त्य संगीतात उभं राहून किंवा खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवतात. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे घ्यायचा, वाद्याचं डोकं त्या पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं आणि दुसरं टोक डाव्या खांद्याशी, छातीजवळ. वाद्याचा भार पायावर गेला की डावा हात मोकळा होतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, घेता येते. अभंग वाजवायचा तर मींड हवीच, नाहीतर नुसती स्वरांची यादी ऐकू येईल. भजनाला तुम्ही बसताच तसे, त्यामुळे अवघड जाणार नाही.

शिक्षकाबद्दल. व्हायोलिनचे गुरू रावेरजवळ मिळाले नाहीत, तर चांगल्या गाण्याच्या गुरूंकडे जा. एन. राजम् यांचं व्हायोलिन गातं असं म्हणतात, त्यांनी तालीम घेतली ती पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे, म्हणजे गवयाकडे. पं. गजाननराव जोशी तर गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. प्रभाकर जोगांनी वाजवलेली मराठी गाणी ऐका. तुम्हाला पहाटे जे झालं ना, शब्द ऐकू येणं, ते कसं होतं हे गजाकडे लक्ष देऊन ऐकलंत तर कळेल. जिथे गायक श्वास घेईल, तिथेच गज वळतो. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष कोणाला हात दाखवा. भुसावळ किंवा बऱ्हाणपूर तुम्हाला जवळ पडेल. मनगटाची चूक व्हिडिओ सांगत नाही.

---

जुना_फिटर_भुसावळ | १६ मे

ताईंचं म्हणणं मानतो. मी पट्ट्या वर्षभर ठेवल्या आणि काढल्यावर पुन्हा चाचपडलो, हे खरं आहे. भाऊ, तुमचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. एकच पट्टी लावा, रे-ची, पहिलं बोट कुठे पडतं एवढं कळायला. बाकी गाऊन शोधा.

---

केळीवाला_रावेर | २६ जून

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. मध्ये वादळात तीनेकशे झाडं आडवी झाली, महिनाभर दुसरं काही सुचलं नाही.

रोझिन लावलं त्याच रात्री आवाज निघाला. कर्कश होता, पण होता. मुलगी अभ्यास सोडून धावत आली. घोडी खरंच मानेकडे झुकली होती, सरळ केली. खडूने खुंट्या थांबल्या, आणि आता पाऊस लागल्यावर फिटरकाका म्हणाले तशा अडकायला लागल्यात. बारीक तार भुसावळहून आणली. त्या दुकानदारानेच एका शिक्षकांचा पत्ता दिला. महिन्यातून दोन रविवार जायचं ठरलंय. त्यांनी वय विचारलं नाही. आधी गायला सांगितलं. ऐकल्यावर म्हणाले, गज सरळ करा, बाकी येईल.

ताई, तुम्ही सांगितलं तसं मांडी घालून बसतो. वाद्य घरातच ठेवतो, लाईट रात्रीची असली की मोटार चालू करून परत येतो आणि ओट्यावर बसतो. अजून दोनच तारा. परवा पहिल्यांदा डी-वर प शोधला. चार-पाच वेळा थोडा खाली, थोडा वर असं होत राहिलं. मग आवाज अचानक भरला. बघतो तर शेजारची तार धुरकट दिसत होती, हलत होती. मी तिला हात लावला नव्हता.

आता एक विचारायचंय. आमचा काकडा काळी चारला असतो. त्यासाठी तारा आत्ताच चढवून-उतरवून घ्यायच्या, की कार्तिक जवळ येईपर्यंत डी-लाच सा ठेवून रियाज करायचा?