दाताचं इम्प्लांट बसवल्यावर तोंडाची काळजी : अनुभव धागा

जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून घरी आल्यापासून पुढे काय काय सांभाळायचं, ते इथे लिहा. दवाखान्यात काम करणारे, घरच्यांचं पथ्यपाणी केलेले, स्वतः बसवून घेतलेले, सगळ्यांनी. नुसतं 'काळजी घ्या' नको. किती, केव्हा, कशाने ते हवं. आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, हे धरून चालू.

गॉजपट्टी
पहिल्या दिवसापुरतं लिहिते. गॉज (जखमेवर ठेवलेली कापडी घडी) ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरा. मधेमधे उचलून बघू नका, नुकती धरलेली गुठळी त्याला चिकटून निघते आणि रक्त परत सुरू होतं. २४ तास चूळ भरणं, थुंकणं, स्ट्रॉने पिणं बंद. लाळेत गुलाबी छटा दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसते, त्याला घाबरू नका. नवा गॉज दाबूनही तोंड रक्ताने भरत असेल तर मात्र फोन करा.
बर्फ कापडात गुंडाळून गालावर १५-२० मिनिटं, मग तेवढाच खंड. हे पहिले एक-दोन दिवस. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. उतरायला लागलेली सूज चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा वाढली, ताप आला किंवा पू दिसला, तर थांबू नका.
भूल साधारण ३ ते ५ तासांत उतरते. तोवर काही चावू नका, ओठ-गाल चावला जातो आणि कळत नाही. खालच्या जबड्यातलं इम्प्लांट असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ-हनुवटी बधिर असेल, तर त्याच दिवशी कळवा. स्क्रू नसेवर दाबत असू शकतो, आणि तिथे उशीर महागात पडतो.

चूळभर
२४ तासांनंतर कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर प्रत्येक वेळी. खळखळून नाही; पाणी तोंडात घेऊन मान डावी-उजवीकडे कलवायची आणि बेसिनमध्ये आपोआप सांडू द्यायचं.
क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के (चूळ भरायचं जंतुनाशक औषध) दिलं असेल तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्हींत निदान अर्धा तास ठेवा. लगेच वर चहा घेतला की दात तपकिरी पडतात. चव जाते, ती परत येते. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस स्वतःहून चालू ठेवू नका.
बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून घासायचेच, फक्त टाक्यांपासून ब्रश लांब.

पेजवाली मावशी
खाणं कोमट आणि मऊ : पेज, नाचणीची आंबील, गुरगुट्या भात-वरण, दही, केळं, कुस्करलेलं अंडं. तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, चिवडा नको. कण टाक्यात अडकतो आणि मग लोक काडीने कोरायला जातात.
जखमेवर हळद दाबू नका, तेही कणच. लवंगेचं तेल उघड्या हिरडीला भाजतं.
आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही ते मिश्रीचं. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला कित्येक काकू-आजी 'नाही' म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखूत येतच नाही. ती थेट हिरडीवर चोळली जाते. सिगारेट, गुटख्याइतकीच ती इथे वाईट.

कडकभाकरी
टाके निघाले, दुखत नाही. मग भाकरी का नाही?

स्क्रू-ड्रायव्हर
कारण हाड अजून जुळलेलं नाही. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसता आवळल्यामुळे. नंतर भोवतालचं हाड थोडं झिजतं आणि नवं भरायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कमी असते, आणि नेमकं तेव्हाच रुग्णाला एकदम बरं वाटत असतं. हाड जुळायला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने, वरच्यात ४ ते ६. वरचं हाड जास्त भुसभुशीत. तोवर त्या बाजूने सुपारी, ऊस, कडक भाकरी नाही. तात्पुरती कवळी त्या जागेवर टेकत असेल तर डॉक्टरांकडून ती आतून घासून घ्या, दिवसभराचा तो दाबही हाडाला जुळू देत नाही.
हिरडीतून डोकावणारी धातूची छोटी टोपी (हीलिंग कॅप) सैल होऊ शकते. गिळली जाण्याआधी काढून डबीत ठेवा, स्वतः पिळून बसवू नका. एक-दोन दिवसांत दाखवा, नाहीतर हिरडी वरून मिटत जाते.

गॉजपट्टी
वरच्या दाढेसाठी सायनस लिफ्ट (नाकाशेजारच्या पोकळीचा तळ उचलून हाड भरणं) झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. विमानप्रवास आधी विचारून.
रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणाचं औषध किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगायचं.

चूळभर
इम्प्लांटवर कायमचा दात (कॅप) बसल्यावरचं राहिलं. इम्प्लांटभोवती खऱ्या दातासारखा तंतूंचा पट्टा नसतो, त्यामुळे जंतू खाली लवकर उतरतात आणि ठणका बराच उशिरा लागतो. घासताना रक्त येणं हीच पहिली खूण. फटीत मावेल एवढा इंटरडेंटल ब्रश रोज एकदा. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या, उघडी तार टायटॅनियमवर ओरखडे पाडते.
आणि पेटीवरचा स्टिकर मागून घ्या : कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. दहा वर्षांनी वरचा दात धरणारा छोटा स्क्रू सैल झाला आणि डॉक्टर बदललेले असले, तर कुठला स्क्रू-ड्रायव्हर बसेल ते त्यावरूनच कळतं.