मणक्याचे फ्रॅक्चर उशिरा सापडले. हाड जुळूनही दुखणे कायम आहे, काय करावे?

प्रश्न : कासारवडवलीकर

नमस्कार. मी घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि महापे येथील एका कारखान्याच्या भांडार विभागात काम करतो, वय अठ्ठेचाळीस. मागील वर्षी पावसाळ्यात कंपनीच्या बसमध्ये अगदी मागच्या बाकावर बसलो असताना बस गतिरोधकावरून वेगात गेली, मी बाकावरून उडालो आणि पुन्हा बाकावरच आदळलो. कंबरेत कळ आली, पण चालता येत होते. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी कंबरेच्या खालच्या भागाचा एक्स-रे काढून ‘मणक्यात गॅप आहे, वयोमानाने होतेच’ असे सांगितले. पुढे अनेक महिने शेक, ट्रॅक्शन, पट्टा आणि पुढे वाकण्याचे व्यायाम चालू होते, आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढतच गेले. अखेर दुसऱ्या रुग्णालयात संपूर्ण मणक्याचा एमआरआय झाला, तेव्हा डी-१२ (पाठीचा सर्वांत खालचा) हा मणका पुढच्या बाजूने दबलेला असून ते जुने फ्रॅक्चर असल्याचे निष्पन्न झाले.

हाड आता जुळले आहे, मणक्यात सूज नाही आणि मज्जारज्जूवर दाब नाही, असे अहवालात म्हटले आहे. तरीही सकाळी बेसिनपुढे वाकून चूळ भरताना एका हाताने भिंत धरावी लागते, आणि भांडारात उभ्याने माल मोजताना अर्ध्या तासात पाठ इतकी ताठते की मोजलेला आकडा वहीत लिहीपर्यंत डोक्यात राहत नाही. घरी आणि कामावर मात्र ‘आता निदान झाले ना, मग दुखते कशाने?’ हेच ऐकावे लागते. हाड जुळल्यावरही दुखणे का उरते, एका डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मणक्यात सिमेंट भरून घ्यावे का, आणि पहिल्या डॉक्टरांविरुद्ध काही करता येते का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : नौपाड्यातील फिजिओथेरपिस्ट

बसच्या मागच्या बाकावरून आदळून मणका दबणे हा आमच्याकडे अधूनमधून येणारा प्रकार आहे. मागच्या चाकांच्या पलीकडे असलेल्या बाकाला सर्वांत जास्त उसळी बसते, आणि बरगड्यांनी जखडलेली पाठ जिथे संपून लवचिक कंबर सुरू होते त्या डी-१२ आणि एल-१ (कंबरेचा पहिला मणका) या सांध्यावर तो भार एकवटतो. अडचण अशी की तेथून निघणाऱ्या नसांमुळे दुखणे खाली, खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेशी जाणवते. रुग्ण हात तिथे ठेवतो, एक्स-रे तिथलाच काढला जातो आणि डी-१२ फिल्मच्या वरच्या कडेला अर्धवट दिसतो किंवा दिसतही नाही. मणक्यांवर एकेक करून बोटाने ठोकून पाहिले असते, तर संशय बहुधा तेव्हाच आला असता. ‘गॅप’बद्दल म्हणाल, तर पन्नाशीच्या आसपास काहीच तक्रार नसलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधल्या गादीची उंची कमी झालेली आढळते, त्यामुळे तेवढ्यावरून दुखण्याचे कारण ठरवता येत नाही.

हाड जुळते, परंतु दबलेल्या आकारातच जुळते. धड किंचित पुढे झुकते, ते तोलून धरण्यासाठी पाठीचे स्नायू दिवसभर ओढलेले राहतात आणि कंबरेच्या मागच्या छोट्या सांध्यांवर जादा भार येतो. शिवाय दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील होऊ शकते आणि पूर्वी न जाणवणारा ताणही दुखू लागतो. यात मनाचे खेळ काहीही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

सिमेंटचा विचार ताज्या फ्रॅक्चरसाठी, म्हणजे एमआरआयमध्ये मणक्याच्या आत सूज दिसत असताना होतो, आणि तिथेही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत त्याचा परिणाम सिमेंट न भरता केलेल्या लुटुपुटीच्या प्रक्रियेपेक्षा सरस ठरला नव्हता. आपल्या अहवालात सूजच नसेल, तर सिमेंटने काय साधणार, हे सुचवणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारावे. पुढे वाकण्याचे व्यायाम आणि ट्रॅक्शन मात्र बंद करावे. पाठ मागे ताणणाऱ्या स्नायूंची ताकद वाढवणे आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायला शिकणे, या दोन गोष्टींवर भर द्यावा. उभे राहण्याची मर्यादा अर्धा तास असेल, तर वीस मिनिटांनी, दुखण्याची वाट न पाहता, घड्याळ पाहून बसावे.

उत्तर : कोपरखैरण्याची एक रुग्ण

माझा एल-१ जिन्यावरून घसरून दबला आणि त्याला बरेच दिवस सायटिका समजले गेले, म्हणून लिहीत आहे. घड्याळाचा सल्ला योग्य आहे, पण नोकरी करणाऱ्याने तो पाळायचा कसा, हे फिजिओ सांगत नाहीत. माझा अनुभव असा की ‘आराम द्यावा’ अशी मोघम चिठ्ठी कार्यालयात निरुपयोगी ठरते. किती किलोपर्यंत उचलायचे, सलग किती वेळ उभे राहायचे, खालच्या फळीवरचा माल दुसऱ्याने काढायचा, असे एकेक स्पष्ट लिहून आणले की वरिष्ठांनाही वाद घालता येत नाही. बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धरावी आणि ती मिळत नसेल तर ती बस सोडावी. ठाणे स्थानकापर्यंतचा रस्त्याचा प्रवास टळत नाही, पण तिथून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरल्यास निम्मे धक्के तरी वाचतील, अर्थात गर्दीच्या आधीची गाडी मिळाली तर.

नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन दिले असेल, तर त्याने गुंगी येते, म्हणून भांडारातील शिडीवर चढताना जपावे, आणि ते एकदम बंद करू नये. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेत असाल, तर मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. अपंगत्व प्रमाणपत्राविषयीही लोक सुचवतील, परंतु २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत दीर्घकालीन वेदना नाही. हालचालींवर मोजता येण्याजोगी मर्यादा असेल तरच त्या दिशेने जावे. आणि एक प्रश्न आपल्याला कोणी विचारलेला दिसत नाही, तो म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तेवढ्या धक्क्याने मणका दबलाच कसा? हाडांची घनता मोजली आहे का?

उत्तर : बेलापूरचे वकील

कायद्यापुरते लिहितो. निदान चुकले म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे न्यायालय मानत नाही. त्या परिस्थितीत साधारण सक्षम डॉक्टराने जे केले असते ते केले गेले नाही, हे दाखवावे लागते आणि त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत जवळपास अपरिहार्य असते. प्रथम कागदपत्रे मिळवावीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणे बंधनकारक आहे. आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधनही त्यातच आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. ती चूक उघडकीस आल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, परंतु त्यावर विसंबून राहू नये. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, शस्त्रक्रियेनंतर नऊ वर्षे वेदना होत असूनही रुग्णाने त्या डॉक्टरांकडे विचारणा केली नाही, या कारणास्तव दावा मुदतबाह्य ठरवला होता. आपली मुदत पहिल्या एक्स-रेच्या तारखेपासूनच धरून चालावी. उपचार शुल्क देऊन घेतले होते का, हेही पाहावे. जिथे सर्वांवर विनामूल्य उपचार होतात ती सेवा या कायद्यात येत नाही.

कासारवडवलीकर

सर्वांचे आभार. हाडांच्या घनतेची तपासणी कोणीच सुचवलेली नव्हती. ती कोणाकडून करून घ्यावी, आणि तोपर्यंत व्यायाम सुरू करावेत का?

नौपाड्यातील फिजिओथेरपिस्ट

कोपरखैरण्याच्या ताईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी लिहून देतात. तिच्याबरोबर ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि रक्ताच्या इतर नेहमीच्या चाचण्या कराव्यात आणि स्टेरॉइडच्या गोळ्या पूर्वी घेतल्या असतील तर तसे सांगावे. पुरुषांत हाडे ठिसूळ होण्यामागे बरेचदा दुसरे कारण दडलेले असते. चालणे आणि पालथे झोपून केवळ छाती किंचित उचलणे, एवढे तपासणीआधीही सुरू करता येईल. वजन उचलण्याचे व्यायाम अहवाल आल्यावर ठरवू. या काळात लघवी अडणे, जांघेच्या आतल्या बाजूस बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाल्यास मात्र वेळ ठरवून जाऊ नये, त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.